वेशीवरचा पहारेकरी : स्पॅमची चाळणी सर्व्हरबाहेर कशी गेली



आजचा विषय यंत्रांचा आहे, पण त्यात माणसंच जास्त भेटतील. तुमच्या ईमेलच्या खात्यात ‘स्पॅम’ नावाचा एक कप्पा असतो. न काढलेल्या तिकिटावर लागलेली लॉटरी, परदेशातल्या अनोळखी नातेवाइकाची इस्टेट, आठ दिवसांत वजन कमी करणाऱ्या गोळ्या, हे सगळं आपण न सांगता तिथे जाऊन पडतं. आणि कधीतरी मुलीच्या मुलाखतीचं पत्रही तिथेच सापडतं, तारीख उलटून गेल्यावर. ही निवड कोण करतं? आणि कुठे बसून करतं?

आपल्याला वाटतं, ज्या सर्व्हरवर आपली पत्रं साठवलेली असतात तोच निवडही करत असेल. सुरुवातीला खरंच तसं होतं. मग भार झेपेना, म्हणून ही चाळणी उचलून शेजारच्या वेगळ्या मशीनवर नेली. तिथून ती गावाच्या वेशीवर गेली आणि शेवटी दुसऱ्याच गावात. कारण प्रत्येक वेळी तेच होतं, भार हलका करणं. पण चाळणी हलली की तिच्याबरोबर आणखी एक गोष्ट हलते. पत्र चांगलं की वाईट हे ठरवण्याचा अधिकार. आजच्या भागात आपण हा प्रवास पाहणार आहोत.

विश्वासावर चाललेलं टपाल

३ मे १९७८. अमेरिकेत आर्पानेट नावाचं जाळं होतं, संरक्षण खात्याच्या पैशावर चालणारं. विद्यापीठं आणि संशोधन संस्था त्यावर जोडलेल्या होत्या. डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन या संगणक कंपनीत विक्रीचं काम पाहणाऱ्या गॅरी थुएर्क यांना नव्या संगणकांचं प्रात्यक्षिक कॅलिफोर्नियात दाखवायचं होतं. त्यांनी जाळ्यावरच्या सुमारे ४०० पत्त्यांवर एकच आमंत्रण पाठवलं. पत्ते इतके होते की पत्त्याच्या जागेत मावले नाहीत, उरलेले मजकुरात सांडले. तक्रारी आल्या, सरकारी खात्याने समज दिली आणि प्रकरण मिटलं. याला आज पहिला स्पॅम म्हणतात, पण तेव्हा तो शब्दही या अर्थाने नव्हता. स्पॅम हे १९३७ पासून अमेरिकेत डब्यातून विकल्या जाणाऱ्या मांसाचं नाव. १९७० मध्ये मॉन्टी पायथन या ब्रिटिश विनोदी मंडळींच्या एका प्रवेशात उपाहारगृहातल्या प्रत्येक पदार्थात तेच येत राहतं, नको म्हटलं तरी. नको असलेल्या पत्रांना हे नाव तिथून चिकटलं.

१९७८ मध्ये समज देऊन भागलं, कारण पाठवणारा कोण हे सगळ्यांना माहीत होतं. १९८२ च्या ऑगस्टमध्ये जॉन पोस्टेल यांनी ईमेल पोचवण्याचे नियम लिहिले. एसएमटीपी म्हणतात ते हेच. त्यात दोन मशीन एकमेकांशी बोलतात. पहिलं म्हणतं, मी अमुक. पत्र तमुककडून आहे. अमक्याला द्यायचं आहे. हा घ्या मजकूर. दुसरं मशीन प्रत्येक वाक्याला ‘ठीक’ म्हणतं. पाठवणारा खरंच तोच आहे का, हे विचारण्याची सोय त्या नियमांत नव्हती. आपल्या पोस्टाचंही तसंच आहे की. पाकिटाच्या मागे ‘प्रेषक’ म्हणून काय लिहिलंय ते पोस्टमन पडताळून पाहत नाही.

त्यातच एक सौजन्याची रीत होती. जोडण्या कच्च्या, तुटक असायच्या. म्हणून कुणाचंही पत्र आलं आणि ते आपल्या गावचं नसलं, तरी ठेवून घ्यायचं आणि पुढे पोचवायचं. एरिक ऑलमन यांनी बर्कली विद्यापीठात लिहिलेला सेंडमेल हा कार्यक्रम अनेक वर्षं जगातलं बरंचसं टपाल वाहत होता, आणि तो हेच करायचा. वाटसरूला पाणी द्यावं तसं. याला ओपन रिले म्हणतात. पुढे जाहिरातबाजांनी याच पाणपोईवर टँकर लावले. अखेर १९९८ च्या ८.९ आवृत्तीत सेंडमेलने अनोळखी टपाल पुढे नेणं आपणहून बंद केलं.

भारतातही हे टपाल विश्वासाच्याच काळात आलं. १९८६ मध्ये अर्नेट हा प्रकल्प सुरू झाला. पाच आयआयटी, बेंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था, दिल्लीचं इलेक्ट्रॉनिक्स खातं आणि मुंबईत जुहूला असलेली एनसीएसटी ही संस्था त्यात होत्या. एनसीएसटीचे श्रीनिवासन रमाणी हे या कामातलं मोठं नाव. सर्वसामान्यांना इंटरनेट मिळालं ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी, व्हीएसएनएलमार्फत. तेव्हा टेलिफोनच्या तारेवरून पत्रं उतरवून घ्यावी लागत, आणि टेलिफोनचं बिल आपलं. म्हणजे नको असलेल्या पत्राचा खर्च वाचणाऱ्याने सोसायचा. स्पॅमचं सगळं अर्थशास्त्र या एका वाक्यात आहे. पाठवणाऱ्याला लाख पत्रांचा खर्च जवळपास शून्य, घेणाऱ्याला प्रत्येक पत्राचा.

आधी पत्ता बघणं

१२ एप्रिल १९९४ रोजी अमेरिकेतल्या कँटर आणि सीगल या वकील दांपत्याने यूजनेट या चर्चाजाळ्यावरच्या हजारो गटांत ग्रीन कार्डाच्या सोडतीची जाहिरात एकदम टाकली. लोक संतापले. पण दांपत्याने माफी मागितली नाही. उलट हा धंद्याचा उत्तम मार्ग आहे असं सांगत पुस्तक लिहिलं. इथून समज देण्याचा काळ संपला.

पहिला बचाव पत्त्यावरचा होता. १९९७ च्या सुमारास पॉल विक्सी आणि डेव्ह रँड यांनी उपद्रवी मशीनच्या आयपी पत्त्यांची काळी यादी चालवायला घेतली. संस्थेचं नाव एम-ए-पी-एस. ही अक्षरं उलटी वाचा, म्हणजे गंमत कळेल. पुढे ही यादी डीएनएसमधून, म्हणजे इंटरनेटच्या नावांच्या पाटीवरून विचारता येऊ लागली. एखादं मशीन पत्र घेऊन दारात आलं की सर्व्हर त्याचा पत्ता उलटा मांडून यादीवाल्याला विचारायचा. उत्तर १२७.०.०.२ असं काही आलं तर समजायचं, हा यादीत आहे. दार बंद.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवा. निवाड्याचा एक भाग तेव्हाच बाहेरच्या मशीनवर गेला होता. पत्र तुमचं, दार तुमचं, पण ‘हा माणूस वाईट आहे’ हे सांगणारा दूर कुठेतरी बसलेला. चुकून यादीत गेलेल्या बिचाऱ्या सर्व्हरच्या मालकाला त्या दूरच्या माणसाच्या मिनतवाऱ्या कराव्या लागत. या याद्यांवरून कोर्टकचेऱ्याही झाल्या.

तरी पत्ता बघणं स्वस्त होतं. एक छोटा प्रश्न, एक छोटं उत्तर. सर्व्हरला त्याचा भार जाणवत नसे.

मग पत्र उघडून वाचणं

पाठवणारे पत्ते बदलू लागले, तेव्हा पत्राचा मजकूर वाचण्याशिवाय इलाज उरला नाही. एप्रिल २००१ मध्ये जस्टिन मेसन या आयरिश प्रोग्रामरने स्पॅमअसॅसिन हा कार्यक्रम सर्वांसाठी खुला केला. मार्क जेफ्टोविक यांच्या आधीच्या एका छोट्या कार्यक्रमावरून त्याची कल्पना आली होती. २००४ मध्ये तो अपाची प्रतिष्ठानचा प्रकल्प झाला.

त्याची पद्धत परीक्षेसारखी आहे, फक्त उलटी. पत्राला गुण मिळतात, आणि जास्त गुण म्हणजे नापास. विषयाची ओळ सगळी मोठ्या अक्षरांत आहे? थोडे गुण. पाठवणारा काळ्या यादीत आहे? आणखी गुण. मजकुरात ‘आजच पैसे परत’ छापाची वाक्यं? आणखी. बेरीज ५ झाली की पत्र स्पॅम. कुठलाही एक नियम एकटा फाशी देत नाही, सगळे मिळून देतात. यातच त्याचं यश होतं.

पण शेकडो नियम प्रत्येक पत्रावर चालवणं म्हणजे काम. कार्यक्रम पर्ल भाषेत लिहिलेला. सुरुवातीची सोपी मांडणी अशी असायची की पत्र आलं की कार्यक्रम सुरू करा, सगळे नियम मेमरीत भरा, पत्र तपासा, कार्यक्रम बंद करा. पुढचं पत्र आलं की पुन्हा पहिल्यापासून. घरी पाहुणा आला की प्रत्येक वेळी नवी चूल मांडायची आणि चहा झाला की मोडायची, तसं.

एक हिशेब करू. आकडे फक्त समजण्यासाठी घेतलेत. समजा एका पत्राच्या तपासणीला २ सेकंद लागतात. दिवसाला १०,००० पत्रं येत असतील तर २०,००० सेकंद, म्हणजे साधारण साडेपाच तास. जमतं. आता त्यात ४०,००० स्पॅम मिसळा. ५०,००० पत्रं, १,००,००० सेकंद, म्हणजे जवळपास २८ तास. दिवस २४ तासांचाच आहे. एकाच वेळी अनेक पत्रं तपासता येतात हे खरं, पण तपासणीची प्रत्येक प्रत आपली मेमरी मागते. मेमरी संपली की मशीन डिस्कवरची जागा मेमरी म्हणून वापरू लागतं, आणि डिस्क फार मंद.

आता पाहा, त्याच डिस्कवर लोकांची पत्रं आहेत. टपाल सांभाळणाऱ्या सर्व्हरचं मूळ काम डिस्कचं. पत्र लिहून ठेवायचं, मागितलं की काढून द्यायचं. चाळणीचं काम प्रोसेसर आणि मेमरीचं. दोघं एका घरात राहायला लागले आणि एकाने डिस्क अडवली, की कार्यालयात बसलेल्या माणसाला आपलं कालचं पत्र उघडायलाही मिनिट लागतं. स्पॅमची लाट पहाटे येते, त्रास सकाळी दहा वाजता कामाला बसलेल्यांना होतो. घराला वेगळं करायची वेळ आली ती अशी.

वेगळं चूल मांडणं : तीन वाटा

पहिली वाट स्पॅमअसॅसिनमध्येच होती. त्याचे दोन तुकडे केले. एक स्पॅमडी. तो कायम जागा असतो, नियम एकदाच भरून बसलेला. दुसरा स्पॅमसी, अगदी छोटा निरोप्या. पत्र आलं की निरोप्या ते स्पॅमडीकडे नेतो आणि गुण लावून परत आणतो. चूल एकदाच मांडली, पाहुणे येत राहिले. हे दोघे पोर्ट ७८३ वरून बोलतात, म्हणजे एकाच मशीनवर असण्याची गरज नाही. निरोप्याला दुसऱ्या मशीनचं नाव सांगितलं की पत्र तिकडे जातं. एकाऐवजी चार मशीनची नावंही देता येतात. अर्थात, स्पॅमडी मुळात फक्त आपल्याच मशीनचं ऐकतो. बाहेरच्या कुणाचं ऐकायचं ते त्याला नावानिशी सांगावं लागतं. शिवाय मधल्या तारेवरून पत्र उघडंच जातं, वेगळी सोय केली नाही तर. म्हणून ही वाट आपल्या आवारातल्या जाळ्यापुरतीच बरी.

दुसरी वाट सेंडमेलने २००० च्या सुमारास काढली. तिचं नाव मिल्टर. यात पत्र आत घ्यायच्या आधीच, दारात संवाद चालू असताना, सर्व्हर दुसऱ्या मशीनवरच्या चाळणीला विचारतो, काय करू? २००६ मध्ये पोस्टफिक्सनेही हीच भाषा स्वीकारली. पोस्टफिक्स म्हणजे वीट्से व्हेनेमा यांनी आयबीएममध्ये असताना लिहिलेला टपालवाहक. मिल्टरचा फायदा मोठा आहे. दारातच ‘नाही’ म्हटलं की पत्र पाठवणाऱ्याकडेच राहतं. खरा माणूस असेल तर त्याला लगेच कळतं की पत्र पोचलं नाही. आत घेऊन मग गुपचूप फेकण्यापेक्षा हे कितीतरी सरळ. तोटा असा की समोरचा दारात उभा असतो आणि चाळणीला वेळ लागला तर तो कंटाळून निघून जातो.

तिसरी वाट सगळ्यात जास्त रूढ झाली. प्रत्येक डोमेनची एक पाटी असते, आमचं टपाल अमुक मशीनवर टाका. १९८६ च्या जानेवारीत तिचे नियम ठरले, एमएक्स नोंद म्हणतात तिला. ती पाटीच बदलायची. टपाल आधी चाळणीच्या मशीनवर जाईल, निवडलेलं तेवढंच मागच्या सर्व्हरकडे येईल. इंग्लंडमध्ये साउथॅम्प्टन विद्यापीठातल्या ज्युलियन फील्ड यांचा मेलस्कॅनर, पोस्टफिक्सच्या जोडीने चालणारा अमॅव्हिस, विषाणू शोधणारा क्लॅमएव्ही, या सगळ्यांना घेऊन जुन्या संगणकावर लिनक्स टाकायचं आणि तो वेशीवर बसवायचा, हा २००० नंतरच्या दशकात कितीतरी महाविद्यालयांचा, कारखान्यांचा, छोट्या कार्यालयांचा नेम होता. मागच्या सर्व्हरला हात लावायची गरज नाही. तो कुठल्याही कंपनीचा असो, जुना असो, पुढचं मशीन झीज सोसतं.

वेशीवरच्या पहारेकऱ्याला गावातलं काय माहीत?

आणि इथेच खरी गोष्ट सुरू होते. चाळणी बाहेर नेली, भार उतरला. पण बाहेरच्या मशीनला आतलं काही माहीत नसतं. या एका कारणाने चार अडचणी आल्या.

पहिली अडचण, गावात कोण राहतं हेच पहारेकऱ्याला माहीत नाही. स्पॅमवाले अंदाजाने हजारो नावं टाकून बघतात. वेशीवरचं मशीन सगळ्यांना ‘या’ म्हणतं. आतला सर्व्हर म्हणतो, असा कोणी इथे राहत नाही. मग वेशीवरच्या मशीनला ‘पत्र पोचलं नाही’ असं उत्तर पाठवावं लागतं. पण कुणाला? पाठवणाऱ्याचं नाव तर खोटं असतं. ते उत्तर तिसऱ्याच निरपराध माणसाच्या खात्यात जाऊन पडतं. स्पॅम थांबवायला बसवलेलं मशीन स्वतःच नको असलेली पत्रं वाटू लागतं आणि काळ्या यादीत जातं. उपाय साधा होता. गावातल्या खऱ्या लोकांची यादी पहारेकऱ्याकडे द्या आणि रोज ताजी ठेवा.

दुसरी अडचण मागच्या दाराची. पाटी बदलली, पण जुन्या सर्व्हरचं पोर्ट २५ उघडंच राहिलं. स्पॅमवाले जुना पत्ता विसरत नाहीत. शिवाय पुष्कळांनी अडीनडीला म्हणून दुसरी, कमी प्राधान्याची पाटी लावलेली असते आणि तिथे चाळणी नसते. स्पॅमवाले मुद्दाम तीच आधी ठोठावतात. गडाचा महादरवाजा भक्कम आणि चोरदिंडीला कडी नाही, अशी गत. आतल्या सर्व्हरने फक्त चाळणीच्या मशीनकडूनच टपाल घ्यावं, बाकी सगळ्यांना फायरवॉलने अडवावं, एवढं केलं की काम होतं.

तिसरी अडचण ओळखीची. वेशीतून आत आलेल्या प्रत्येक पत्रावर शेवटचा हात पहारेकऱ्याचा. आतल्या सर्व्हरला सगळी पत्रं एकाच मशीनकडून आल्यासारखी दिसतात. पाठवणाऱ्याचा आयपी पत्ता बघून करायच्या साऱ्या परीक्षा आत निरुपयोगी होतात. काळी यादीही, आणि अमुक डोमेनची पत्रं कुठून निघू शकतात हे सांगणारा एसपीएफही. त्या परीक्षा वेशीवरच घ्याव्या लागतात.

चौथी अडचण सगळ्यात खोल. ऑगस्ट २००२ मध्ये पॉल ग्रॅहम या प्रोग्रामरने एक निबंध लिहिला. त्याचं म्हणणं होतं की नियम लिहीत बसू नका. माणसाची चांगली आणि वाईट पत्रं मशीनला दाखवा. कुठला शब्द कुठल्या ढिगात किती वेळा येतो यावरून, अठराव्या शतकातल्या टॉमस बेझ यांच्या संभाव्यतेच्या नियमाने, ते स्वतः शिकेल. ही कल्पना आधीही मांडली गेली होती, पण ग्रॅहमच्या निबंधाने ती घराघरात गेली, आणि २००३ मध्ये स्पॅमअसॅसिननेही ती घेतली. तिचं मर्म असं की चाळणी त्या-त्या माणसाची असावी. डॉक्टरच्या पत्रांत औषधांची नावं असणारच. बँकेतल्या माणसाच्या पत्रांत कर्ज हा शब्द असणारच. एकाचा स्पॅम तो दुसऱ्याचं रोजचं काम.

म्हणजे गंमत बघा. ज्या वर्षांत कळलं की उत्तम चाळणी तीच जी माणसाला ओळखते, त्याच वर्षांत भारामुळे चाळणी माणसापासून दूर चालली होती. माणूस ‘हे स्पॅम नाही’ म्हणून पत्र उचलून ठेवतो ते आतल्या सर्व्हरवर. शिकायचं असतं ते बाहेरच्या मशीनला. या दोघांमध्ये निरोप पोचवण्याची व्यवस्था कुणीतरी मुद्दाम करावी लागते. केली नाही तर चाळणी सगळ्या गावासाठी एकच मत बनवते.

आपली भाषा आणि चाळणीचा कान

यातलं एक उदाहरण आपल्या जवळचं आहे. स्पॅमअसॅसिनला पत्राची भाषा ओळखण्याची एक जोडणी आहे. तिला ठाऊक असलेल्या भाषांच्या यादीत हिंदी, संस्कृत, नेपाळी, तमिळ यांच्याबरोबर मराठीही आहे. कुठल्या भाषा चालतील ते चालवणाऱ्याने सांगायचं. काहीच सांगितलं नाही तर सगळ्या चालतात. पण ‘फक्त इंग्रजी’ असं कुणी लिहिलं, तर बाकी भाषांतल्या पत्रांचे गुण वाढतात.

आता कल्पना करा. मुख्य कार्यालय एका राज्यात, शाखा इंदूर, बडोदा, बेळगाव, हैदराबाद अशा ठिकाणी. चाळणीचं मशीन मुख्य कार्यालयात. तिथला माणूस चांगल्या हेतूने, कामाची भाषा इंग्रजी म्हणून, ती एक ओळ लिहितो. बेळगावच्या शाखेला एका ग्राहकाने मराठीत लिहिलेली तक्रार, त्यात एखादा दुवा, पाठवणारा नवा, बेरीज ५ च्या वर. पत्र गेलं. ग्राहकाला वाटतं उत्तर द्यायची यांना गरज वाटत नाही. शाखेला वाटतं तक्रार नाही. दोघांचंही चुकलेलं नाही. दूर बसलेल्या पहारेकऱ्याला गावाची बोली माहीत नव्हती, एवढंच.

चाळणी शाखेच्याच सर्व्हरवर असती तर दुसऱ्या दिवशी कुणीतरी म्हणालं असतं, अरे, पत्रं येत नाहीत, बघ जरा. अंतर वाढलं की ही ‘बघ जरा’ची सोय जाते.

बंद पडली तर?

दोन मशीन म्हणजे बिघडायला दोन जागा. यात एक निवड करावी लागते, आणि तिचं उत्तर प्रत्येकाचं वेगळं. स्पॅमसी या निरोप्याला पलीकडचा स्पॅमडी सापडलाच नाही, तर मूळ रचनेत तो पत्र तसंच, न तपासता, पुढे सोडतो. ज्यांनी हे लिहिलं त्यांना वाटलं, दोन दिवस स्पॅम आला तर चालेल, चांगलं पत्र हरवायला नको. उलट, वेशीवरचं मशीन बंद पडलं तर काहीच आत येत नाही. पण पत्रं हरवतही नाहीत. पाठवणाऱ्या सर्व्हरने चार-पाच दिवस तरी पुन्हापुन्हा प्रयत्न करत राहावं, असं ईमेलचे नियम सांगतात. जुन्या लोकांनी कच्च्या तारांसाठी केलेली ही सोय अजून उपयोगी पडते.

याच सोयीचा हुशारीने वापर एव्हन हॅरिस यांनी २००३ मध्ये सुचवला. अनोळखी माणसाला पहिल्यांदा ‘थोड्या वेळाने या’ सांगायचं. खरा सर्व्हर पुन्हा येतो, घाईतला स्पॅमवाला येत नाही. याला ग्रेलिस्टिंग म्हणतात. ओपनबीएसडीवाल्यांनी त्याच वर्षी आपल्या पहारेकऱ्याला आणखी एक खोड शिकवली. काळ्या यादीतल्याशी एकेक अक्षर थांबत थांबत बोलायचं, म्हणजे त्याचाच वेळ जाईल.

पहारा विकत मिळू लागला

जुन्या संगणकावर हौसेने बसवलेला हा पहारेकरी लवकरच माल झाला. बॅराकुडा ही कंपनी २००३ मध्ये निघाली, आणि तिने स्पॅमअसॅसिन, क्लॅमएव्ही अशा खुल्या कार्यक्रमांवर उभारलेली पेटी विकायला आणली. रॅकमध्ये सरकवा, पाटी बदला, झालं. आयर्नपोर्टच्या पेट्या मोठ्या कंपन्यांत गेल्या. पोस्टिनी तर पेटीही देत नव्हती. पाटी आमच्या नावाची लावा, चाळून देऊ, असा त्यांचा व्यवहार.

जानेवारी २००४ मध्ये दाव्होसला बिल गेट्स यांनी सांगितलं की दोन वर्षांत स्पॅमचा प्रश्न सुटलेला असेल. सुटला नाही, पण त्याची बाजारपेठ झाली. २००४ मध्ये सिमँटेकने ब्राइटमेल ३७ कोटी डॉलरना घेतली. २००७ मध्ये सिस्कोने आयर्नपोर्टसाठी ८३ कोटी डॉलर मोजले आणि गूगलने पोस्टिनीसाठी ६२.५ कोटी.

त्यांना एवढी किंमत का? कारण दूरच्या पहारेकऱ्याला एक गोष्ट दिसते जी गावातल्याला दिसत नाही. हजार गावांच्या वेशी त्याच्या ताब्यात असतात. एकच पत्र एका तासात लाख जणांना चाललंय, हे त्याला लगेच कळतं. ११ नोव्हेंबर २००८ रोजी कॅलिफोर्नियातल्या मॅककोलो या कंपनीची इंटरनेट जोडणी तोडली गेली, आणि जगभरातला स्पॅम एका दिवसात निम्म्याहून खाली आला. स्पॅम पाठवणारी मशीन लोकांच्या घरातली, विषाणू शिरलेली होती. त्यांना हुकूम देणारी मशीन मात्र तिथे बसली होती. असं चित्र एकट्या सर्व्हरवरून कधीच दिसलं नसतं. हा फायदा खरा आहे, तो नाकारून चालणार नाही. काही दिवसांत स्पॅम पुन्हा वाढू लागला, तेही खरं.

हिशेब

तर मंडळी, या प्रवासात मिळालं काय आणि गेलं काय?

चाळणी वेगळ्या मशीनवर नेल्याने ईमेल टिकलं. २००३-०४ च्या लाटेत ती तशी नेली नसती तर कितीतरी सर्व्हर रोज सकाळी आडवे झाले असते. पण प्रत्येक पावलाला निवाडा वाचणाऱ्यापासून एक मुक्काम दूर गेला. आज एखाद्या छोट्या प्रकाशनाने स्वतःचा सर्व्हर प्रामाणिकपणे चालवला, तरी त्याचं पत्र मोठ्या कंपनीच्या वेशीवर अडतं. आणि का अडलं हे सांगणारा माणूस तिथे भेटत नाही. १९९७ च्या काळ्या यादीवाल्याला निदान पत्र लिहिता येत होतं.

म्हणून तुमच्या संस्थेत, शाळेत, दुकानात ईमेलची व्यवस्था कुणी पाहत असेल तर त्याला चार प्रश्न जरूर विचारा. आमची चाळणी कुठे आहे? तिला आमच्या लोकांची यादी आणि आमची भाषा माहीत आहे का? मागचं दार बंद आहे का? आणि ‘हे पत्र चांगलं होतं’ असं मी सांगितलं तर ते तिच्यापर्यंत पोचतं का? पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरं बहुतेक ठिकाणी मिळतात. चौथ्याचं उत्तर ऐकताना मात्र नीट लक्ष द्या. तिथे आढेवेढे आले, तर पहारेकरी तुमच्या वेशीवर उभा आहे खरा, पण तो तुमचं ऐकत नाही.

आणि तोवर आठवड्यातून एकदा तो स्पॅमचा कप्पा स्वतः उघडून बघत चला. पुढच्या भागात भेटू. नमस्कार.